चुंबक चिकटला नाही, म्हणून विश्वास ठेवला

आषाढातल्या एका सकाळी न्हाणीघराचा काचेचा दरवाजा वरच्या बिजागरीतून निखळला आणि थेट माझ्या खांद्यावर आला. आत स्टुलावर सासूबाई आंघोळीला बसलेल्या. अख्खा दरवाजा खालच्या एका बिजागरीवर तिरपा लटकलेला, आणि मी तो दोन्ही हातांनी धरून पुतण्याला हाका मारतेय. तो शेजारच्या दोघांना घेऊन येईस्तोवर माझे हात थरथरत होते. सासूबाईंना लागलं नाही, पण तेव्हापासून त्या एकट्या आंघोळीला जात नाहीत. आंघोळीचं पाणी बाहेर उडून ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरू नये म्हणूनच तर ती काच बसवली होती.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. दिवाळीत घर बांधून झालं आणि बिनचौकटीची काच बसवायचं ठरलं. अमरावतीला १० मिलिमीटरची टफन (तापवून कडक केलेली) काच निवडायला आम्ही अर्धा दिवस घातला. बिजागऱ्या, काच धरणारे क्लॅम्प आणि स्क्रू यांना मात्र पाच मिनिटंही दिली नाहीत. दुकानदार म्हणाला, "ताई, हे ३०४ ग्रेडचं, न गंजणारं स्टील आहे. तुम्हीच पाहा ना," आणि त्यानं चुंबक लावून दाखवला. चिकटला नाही. बिजागरीच्या पाठीवर ३०४ असं कोरलेलंही होतं. पाणी खारं आहे हे मी त्याला सांगितलं, तर "काही होत नाही, आयुष्यभराची गॅरंटी" असं उत्तर. काच, फिटिंग, मजुरी धरून ३१ हजार मोजले. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीचे पैसे कशाला घालवता म्हणाला आणि साध्या कागदावर 'काच व हार्डवेअर सेट' एवढंच लिहून दिलं. तो कागद मी मुकाट्यानं घेतला.

चौथ्या महिन्यात बिजागरीच्या कडेला पांढरी पूड दिसू लागली. मला वाटलं पाण्याचे क्षार असतील, रोज फडक्यानं पुसत राहिले. मग चकाकीवर फोड आले, पापुद्रे सुटले आणि दरवाजा खाली फरशीला घासू लागला. फोन केला तर म्हणे, "तुमचं पाणीच खराब आहे, ताई." हे वाक्य मला अजून झोंबतं.

दरवाजा निखळल्यावर तुटकी बिजागरी घेऊन मी दर्यापूरला लेथवाल्या काकांकडे गेले. तुटलेली बाजू राखाडी, रवाळ होती, ओल्या सिमेंटच्या ढेपेसारखी. काकांनी कानस मारली आणि म्हणाले, "सुनबाई, हे जस्त हाय. वरून क्रोमचा मुलामा. याले स्टील कोन म्हन्लं तुले?" मग त्यांनी आपला चुंबक पितळेला लावला, जस्ताला लावला, २०२ या हलक्या ग्रेडच्या स्टीलला आणि ३०४ च्या स्टीलला लावला. एकालाही तो धरून राहिला नाही. चुंबकानं फक्त साधं लोखंड पकडलं जातं, बाकी काही कळत नाही. दुकानात मला चुंबक लावून जे दाखवलं, त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. भिंतीतले स्क्रू मात्र साधे लोखंडी होते. त्यांची डोकी बोटांनी चुरली.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात मीठ. थेंब वाळला की मीठ तिथंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं होतं. २०२ च्या स्टीलमध्ये निकेल कमी, ते अशा पाण्यात लवकर गंजतं. ३०४ सुद्धा कालांतरानं टिपक्याटिपक्यांनी खाल्लं जातं. म्हणून खाऱ्या पाण्याला भरीव पितळेची क्रोम केलेली बिजागरी घ्यावी किंवा त्याहून वरच्या ३१६ ग्रेडचं स्टील. पितळ ओळखायला बिजागरीची आतली, न दिसणारी बाजू चाकूनं खरवडायची. पिवळं निघालं तर पितळ, पांढुरकं-राखाडी निघालं तर जस्त. पितळ हातालाही जड लागतं. ३०४ आणि २०२ मधला फरक मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, तो पक्क्या बिलावर ग्रेड लिहूनच घ्यावा लागतो.

वजनाचाही हिशेब आम्ही केला नव्हता. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आमचा दरवाजा अडीच फूट रुंद, साडेसहा फूट उंच, म्हणजे साधारण ३८ किलो. सोयाबीनचा पाऊण कट्टा दोन बिजागऱ्यांवर रोज उघड-मीट करत होता. बिजागऱ्यांच्या जोडीला किती किलो पेलतं हे कंपनीच्या कागदावर असतं. मी विचारलंच नाही. क्लॅम्प आणि काचेच्या मध्ये रबर हवं, काच उघड्या धातूला टेकता कामा नये, हेही मला काकांकडूनच कळलं.

सगळ्यात मोठा फटका मात्र पुढे बसला. नव्या पितळी बिजागऱ्या आणल्या, तर त्या जुन्या काचेत बसेनात. बिजागरीसाठी काचेच्या कडेला खाच पाडतात, ती टफन करायच्या आधी. टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, अख्खी फुटून तिचे दाणे होतात. खाचा त्या दुकानदाराच्या बिजागरीच्या मापाच्या, म्हणून चांगला दरवाजा फेकून दुसरा करावा लागला. तेव्हा बिजागरी आधी हातात घ्या, खरवडून पाहा, आणि तिच्याच मापानं काच कापायला द्या.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. पण माझ्या कागदावर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, ग्रेड नाही. तो माणूस आता म्हणतो, हा माल माझा नाहीच.

तुटकी बिजागरी मी जपून ठेवली आहे. परवा शेजारचा मुलगा ती खिशात घालून अकोल्याला गेला होता. नवीन बिजागरी आतून खरवडू द्या म्हणाला, तर दुकानदारानं नकार दिला. तो रिकाम्या हातानं परत आला, आणि मला फार बरं वाटलं.