साग घेतला, गाभा नाही मिळाला: नावेच्या लाकडात १४ हजार गेले

आमची १८ फुटी नाव प्रकाशा गावाजवळ तापी नदीत असते, जाळी टाकायला आणि सीझनला पलीकडे माणसं न्यायला. बॅरेजमुळे पाणी थांबलेलं असतं आणि पावसाचं पाणी आत साचतं ते वेगळंच, त्यामुळे आतले सहा आडवे वाक (ज्यांच्यावर बाजूच्या फळ्या ठोकतात ते) बुडाकडून सडले होते, स्क्रूड्रायव्हर टोचला की भुसा बाहेर. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी बदलायचे ठरलं. मामा नावा बनवायचे, आता हात चालत नाही त्यांचा, ते म्हणत होते वळणाची बाभूळ शोध. मला वाटलं बाभूळ काय लावायची, आपण सागच लावू, आणि एकटाच वखारीत गेलो. इथेच माती खाल्ली.

वखारवाला बोलायला एकदम गोड. दादा, जुना जंगलचा साग आहे, तुमच्या नातवापर्यंत टिकेल. वरचा एक नग त्याने रंधून दाखवला, सोनेरी, हाताला तेलकट, चामड्यासारखा वास, म्हणजे तो नग खरंच चांगला होता. खालचे पाच नग गडद तपकिरी होते आणि दोन्ही टोकांना लाल रंग थापलेला, का तर म्हणे तडे जाऊ नये म्हणून. तसा रंग खरंच लावतात हो, म्हणून मला शंका पण आली नाही. पण गाभा कुठे संपतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड कुठे सुरू होतं ते टोकावरच दिसतं, आणि नेमकं तेच झाकलेलं. गडद रंग जळक्या ऑइलचा होता हे नंतर कळलं.

हिशोब ८ फूट बाय ४ इंच बाय ३ इंच, भागिले १४४, सहा नगांचे ४ घनफूट, साडेतीन हजाराने १४ हजार. घरी येऊन टेप लावला तर साडेतीन बाय अडीच, म्हणजे तीन घनफूटही भरत नाही. फोन केला तर म्हणे कटाईत जातं. मी गप्प बसलो, सुताराची मजुरी ठरलेली होती ना.

पहिल्या पावसाळ्यात रंग उतरला आणि पाच वाक पिवळट पांढरे पडले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नाव वर ओढली तर बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पावडर, बुडाकडे बोटाने दाबलं तरी दबायचं. जो नग रंधून दाखवला होता तो मात्र जसाच्या तसा. मामांनी कानसीने खरवडून बघितलं आणि म्हणाले, "भाचा, तुले त्यानी लाकूड नही, रंग ईकी दिना."

वखारवाल्याकडे गेलो तर त्याचं एकच, सागच दिलाय ना, दुसरं काही दिलंय का? आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, सागाचंच पांढरं होतं ते, फक्त सागाचा टिकाऊपणा असतो गाभ्यात, पांढऱ्याला कीड पण लागते आणि ते सडतं पण. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला, तिथे बिलाचा विषय निघाला आणि माझ्याकडे वहीच्या कागदावर पेन्सिलने केलेला हिशोब.

तर कोणी नावेचं, बैलगाडीचं, दाराचं काहीही घेत असाल तर प्रत्येक नगाचं टोक दोन इंच तुमच्यासमोर कापून घ्या, नाही म्हणाला तर उठा. ऑइल लावलेला माल घेऊच नका. टेप स्वतः लावा, आणि कच्च्या (कटाईआधीच्या) मापाचे पैसे घेतोय की तयार (कटाईनंतरच्या) मापाचे ते आधी विचारा. नावेच्या वाकाला अजून एक, सरळ फळीतून वळण कापलं की लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि खिळा ठोकताना तिथेच फुटतं. माझा एक तसाच फुटला होता, मी सुताराला शिव्या घातल्या, बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आता बांधावरची एक वाकडी बाभूळ मामांनी स्वतः निवडून दिली, कापून गोठ्यात सावलीला ठेवलीय. नाव तोवर काठावर पालथी, आणि सागाचे ते पाच तुकडे चुलीत पण नीट जळत नाहीत, ऑइलचा धूर होतो म्हणून आई ओरडते.