साडेचार हजारांचा गायगर काउंटर आणि माळ्यावरची मेंटलं

ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग टिकटिक करून मोजणारं यंत्र, दोन महिने वापरून झाला. किंमत साडेचार हजार. घरात बोलणी खाऊन घेतलाय, त्यामुळे जे दिसलं तेच लिहितो.

पहिली तक्रार खोक्याबद्दलच. 'अल्फा, बीटा, गॅमा' असं ठळक छापलंय, म्हणजे किरणोत्सर्गाचे तिन्ही प्रकार मोजतो म्हणे. आत किरणं पकडणारी काचेची नळी, तीही प्लॅस्टिकच्या डबीत. अल्फा कण वहीच्या कागदाला अडतो, तो काचेतून काय जाणार? बीटा आणि गॅमा मात्र छान पकडतो.

तपासायला माल घरचाच होता. वडील गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे, वरातीला आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दुकानांना. मेंटलची, म्हणजे बत्तीत उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीची, न वापरलेली पाकिटं अजून माळ्यावर आहेत. त्या काळच्या मेंटलमध्ये किरणोत्सर्गी थोरियमचं ऑक्साइड असायचं, जोडीला चिमूटभर सेरियम. रिकाम्या टेबलावरही आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे यंत्र मिनिटाला 17-18 टिकटिक करतं. जुनं मेंटल खाली सरकवलं, 230! मंगळवार पेठेतून नवं आणून ठेवलं, परत 18. हल्ली बरेच जण थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात, तसलं निघालं.

मग मध्ये कागद घातला. फरक शून्य, म्हणजे अल्फा मुळात मोजलाच जात नव्हता. ॲल्युमिनियमच्या चार ताटल्या घातल्या तर आकडा 34 वर. बीटा ताटल्यांत जिरले, उरलं ते थोडं गॅमा. बायकोने ताटल्या दोनदा घासून घेतल्या, मी एकदा.

गंमत अशी की थोरियम-232 स्वतः अल्फा सोडतं, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) सुमारे 1400 कोटी वर्षं. यंत्राला ऐकू येतात ती त्याची पिल्लं, म्हणजे ते फुटत जाताना बनणारे अणू: ॲक्टिनियम-228, बिस्मथ-212 वगैरे. यातलं पहिलं पिल्लू रेडियम-228. थोरियम शुद्ध करताना ते बाहेर पडतं आणि मग पाकिटात बसल्याबसल्या पुन्हा साठत जातं. त्याचं अर्धायुष्य पावणेसहा वर्षं, म्हणजे पुरतं भरायला तीसेक वर्षं लागतात. वडिलांची पाकिटं आता कुठे भरात आलीत.

अर्धायुष्य डोळ्यांदेखत बघायचं असेल तर फुगा घ्या. केसांवर घासून बंद खोलीत पाऊण तास टांगला. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची पिल्लं त्याला चिकटतात. हवा सोडून नळीखाली ठेवला तर 41, तासाभरात उतरत उतरत 23. मे महिन्यातली सोलापूरची कोरडी हवा या एका कामाला तरी उपयोगी पडली. पावसाळ्यात फुग्यावर विद्युतभार टिकत नाही.

पडद्यावरच्या मायक्रोसीव्हर्टकडे (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मात्र लक्ष देऊ नका. ते गणित ठरावीक गॅमा किरणांसाठी बसवलेलं असतं. मेंटलच्या बीटाला लावलं की आकडा उगाच फुगतो. शेजारच्या काकूंनी मोबाइल टॉवर तपासायला बोलावलं होतं. गेलो, चहा घेतला, 18 दाखवले. टॉवरच्या लहरी हे यंत्र मोजतच नाही, हे सांगितल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वासच उडाला.

पैसे वसूल झाले ते आवाजात. माझ्या शिकवणीला येणारी निम्मी पोरं यंत्रमागाच्या खटखटीत वाढलेली. तिथे ठोका चुकला की बिघाड. एकाने पाच मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "सर, हे मधीच अडकतंय बघा, रिपेरीला द्या." दोन टिक लागोपाठ, मग सहा सेकंद गप्प, मग एकदम तीन. कुठलं केंद्रक कधी फुटेल याला धरबंध नसतो, हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहितोय. त्या दिवशी पहिल्यांदा वर्ग त्यावर भांडला.

बाकी किरकोळ. उन्हात पडदा दिसत नाही, आणि सोलापुरात ऊन सोडून आहे काय? चार्जिंगची पिन तिसऱ्या आठवड्यात ढिली झाली. विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही. सध्या रबरबँड लावून चार्ज करतो.