‘गेल्या वर्षीचं अधिक 10 टक्के’ सोडल्यावर: ऑफिस परिसराच्या बागेचं मापावर बांधलेलं बजेट, 11 महिन्यांनंतर

बागेचं वार्षिक बजेट बहुतेक ठिकाणी असंच होतं: गेल्या वर्षीचा आकडा, त्यावर 10 टक्के, खाली सही. इथे एप्रिलपासून उलटी पद्धत वापरात आहे. आधी लिटर, ब्रास (100 घनफूट माल), रोपं आणि हजेऱ्या (एका माणसाचं एका दिवसाचं काम) मोजायच्या, दर अगदी शेवटी लावायचा. जागा पुण्यातली ऑफिस इमारत. 1,000 चौरस मीटर लॉन, 300 मीटर डुरांटाची हेज, शंभरेक झाडं आणि लॉबीतल्या कुंड्या. आता मार्च तोंडावर आहे. पद्धतीला 5 पैकी 4 गुण.

सगळ्यात जास्त उपयोग पाण्याच्या ओळीत झाला. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर, एवढं सूत्र पुरतं. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला 5 मिलिमीटर धरा, म्हणजे 5,000 लिटर. स्प्रिंकलरमधून वारा आणि ऊन चौथा हिस्सा खातात, म्हणून पंपाकडून 6,667 लिटर सुटायला हवेत. मार्च ते मे या 92 दिवसांचे झाले 6 लाख 13 हजार लिटर, 10,000 लिटरच्या टँकरने साधारण 61 खेपा. सरसकट रकमेच्या कंत्राटात हा आकडा कुठेच दिसत नाही, आणि मे महिन्यात ‘टँकर एक्स्ट्रा’ अशी चिठ्ठी येते तेव्हा वाद घालायला हातात काही नसतं.

एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी असेल तर त्या ओळीत शून्य टाकायचा मोह होतो. टाकू नका. त्या पाण्यातला गाळ आणि शेवाळ आधी ड्रिप बंद पाडतात. 120 मेशचा (बारीक गाळणीचा) डिस्क फिल्टर लागतो, त्याच्या चकत्या धुवायला हजेरी लागते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशर गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक दिसला की धुवायचाच, ठरलेल्या वाराची वाट पाहायची नाही. हेजला 16 मिलिमीटरची इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेली) नळी आहे, दर 40 सेंटिमीटरला 4 लिटर ताशीचा ड्रिपर, म्हणजे 750 ड्रिपर आणि तासाला 3,000 लिटर. तपासणी अगदी साधी: ड्रिपरखाली स्टीलचा पेला ठेवा, 3 मिनिटांत 200 मिली भरला पाहिजे. निम्माच भरला तर नळीच्या टोकाचा एंड कॅप काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. तरीही भरत नसेल तर तेवढा तुकडा बदला. वर्षाला 30 मीटर जादा नळी आणि जॉइनर धरून ठेवलेले बरे. आणि एसटीपीचं पाणी स्प्रिंकलरने उडवायचंच असेल तर रात्री, माणसं नसताना.

मजुरीत बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण आकडा एप्रिलचा पगार गुणिले 12 असा निघतो. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणजे आर्थिक वर्षाच्या चौथ्या आणि दहाव्या महिन्यात वाढ ठरलेली. मूळ मजुरीवर मालकाचा पीएफ 13 टक्के, ईएसआय (कामगार विमा) 3.25 आणि किमान बोनस 8.33, म्हणजे रुपयामागे ढोबळमानाने 25 पैसे वरचे. यांपैकी काही नसलेलं कोटेशन स्वस्त दिसतं. पुढे माळी टिकत नाहीत तेही त्यामुळेच. जाता जाता एक: नर्सरीच्या रोपांवर जीएसटी शून्य, पण देखभालीच्या सेवेवर 18 टक्के. रोपं कंत्राटात गुंडाळली तर त्यांवरही 18 लागतात. रोपांची ऑर्डर वेगळी काढा.

आता तो गेलेला एक गुण. लॉनवर लाल माती आणि शेणखताचा थर द्यायची चांगली वेळ फेब्रुवारीअखेरची, गवत जोर धरायच्या आधी. 5 मिलिमीटरच्या थराला 5 घनमीटर माल लागतो, म्हणजे पावणेदोन ब्रास. हिशोब चोख, पण ही खरेदी पडते आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटी, तेव्हा अकाउंट्सवाले नवी पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडत नाहीत. माप बरोबर असून काम पुढच्या वर्षात ढकललं जातं. यावर उपाय एकच दिसतो: मालाची पीओ डिसेंबरातच काढायची आणि डिलिव्हरीची तारीख फेब्रुवारीची टाकायची.

शेणखत मात्र बघून घ्या. कच्चं, उबदार, वास मारणारं खत आलं तर त्यासोबत हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी येतं, वर लव्हाळ्याच्या गाठी लाल मातीतून येतात त्या वेगळ्याच. हुमणीचा हिशोब सप्टेंबरात कळतो: साळुंक्या लॉन टोचायला लागतात, पिवळा पट्टा हाताने ओढला की गवत गोधडीसारखं उचलून येतं, खाली मुळंच नसतात. तेव्हा औषधाला फार उशीर झालेला असतो. जून-जुलैत अळी लहान असताना मेटारायझियम (किडी मारणारी बुरशी) कुजलेल्या खतात मिसळून टाकायला दोन हजेऱ्या आणि थोडा माल लागतो. नवं लॉन अंथरायला त्याच्या कितीतरी पट. म्हणून ‘आकस्मिक खर्च’ अशी मोघम ओळ काढून तिथे नावं लिहिली: हुमणी, मोटर रिवाइंडिंग, सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेवर पाणी चालू-बंद करणाऱ्या झडपेचा) डायफ्रॅम, मेलेली रोपं. हेजला मीटरला 3 प्रमाणे 900 रोपं, त्यांच्या 5 टक्के म्हणजे 45. नाव लिहिलेला खर्च मंजूर होतो, मोघम टक्केवारी पहिल्याच बैठकीत कापली जाते.

लॉबीच्या कुंड्यांना हे गणित फारसं लागू पडत नाही. तिथे एसी आणि अंधार झाडं मारतात, मापं नाही. त्या भाड्याने घेऊन महिन्याला बदलून घेणंच परवडतं.

राहिली झाडांची छाटणी. महापालिका हद्दीत 1975 च्या झाडांच्या कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ जातो. पावसाआधी फांद्या उतरवायच्या तर अर्ज फेब्रुवारीत, क्रेनचं भाडं मात्र मे महिन्याच्या रकान्यात.