एकाच पॉइंटवर पंखा आणि दिवा : आठ महिन्यांनंतर

आईच्या खोलीतली ट्यूब भिंतीवर, पंख्याच्या पात्यांपेक्षा उंच होती. पंखा जोरात फिरला की पात्यांची सावली भिंतभर लपलपायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला ते सहन होईना. पंखा बंद करून ती घामात वाचत बसायची. म्हणून गेल्या दसऱ्याला खाली दिवा असलेला पंखा घेतला. दिवा पात्यांच्या खाली आला आणि सावलीचा त्रास पहिल्या संध्याकाळीच संपला.

पण नाशिकच्या आमच्या घराचं वायरिंग तीस वर्षांपूर्वीचं. बोर्डापासून स्लॅबच्या हुकापर्यंत दोनच वायरी, वीज आणणारी लाल फेज आणि ती परत नेणारी काळी न्यूट्रल. पंखा आणि दिवा स्वतंत्र चालवायचे तर न्यूट्रल एक चालते, फेज मात्र दोन लागतात. वायरमनने तेव्हा दोन्ही एकाच फेजवर जोडून दिले. दिवा लावला की पंखा फिरणारच, आणि रेग्युलेटर कमी केला की एलईडी लुकलुकणार. डिसेंबरच्या थंडीत हे चालणार नव्हतं.

मग रिमोटचा रिसीव्हर घेतला. तो दांड्याच्या वरच्या वाटीत बसतो आणि आलेल्या एकाच फेजच्या दोन वाटा करतो. वेग तोच ठरवतो, त्यामुळे बोर्डावरचा रेग्युलेटर मधून काढावा लागला. भिंत न फोडता अर्ध्या तासात काम झालं. पहाटे गारवा आला की आई पडल्या पडल्या पंखा कमी करायची, ही सोय मला आजही मोलाची वाटते.

त्रास दिव्याचा झाला. घरातल्या कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की रिमोट निकामी. लाइट जाऊन रात्री परत आली की खोलीतला दिवा आपोआप पेटायचा आणि आई दचकून उठायची. एका रात्री रिमोट पलंगाखाली गेला आणि ती अंधारात चाचपडत बाथरूमकडे निघाली. पडली नाही, पण त्या रात्रीनंतर मला झोप लागेना. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला दिवा भिंतीवरच्या, हाताला ठाऊक असलेल्या बटणावरच हवा, हे मला तेव्हा पुरतं पटलं.

मार्चमध्ये वेगळी वायर ओढली. भिंतीतल्या जुन्या पाइपाला वळणं बरीच, वायर ओढायची स्प्रिंग अडकायला लागली. शेवटी जुन्या वायरींच्या टोकाला नव्या बांधून दोघांनी दोन्हीकडून हळूहळू ओढल्या. दीड स्क्वेअर एमएमच्या चार वायरी गेल्या: पंख्याला लाल, दिव्याला पिवळी, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. पंख्याची बॉडी लोखंडी असून इतकी वर्षं तिला अर्थिंगच नव्हतं! दिव्याची फेज त्याच बोर्डातून, त्याच एमसीबीवरून (बिघाड झाला की आपोआप पडणारा, वीज तोडणारा स्विच) घ्यायला मी आवर्जून सांगितलं. नाहीतर पंख्याचा एमसीबी पाडून कुणी काम करायला चढेल आणि दिव्याची वायर जिवंतच राहील. रिसीव्हर आता फक्त पंख्याच्या वाटेवर आहे. दिवा सरळ बटणावर.

दिव्याच्या काचेच्या बंद वाटीत पहिला १५ वॅटचा एलईडी अडीच महिन्यांत गेला. आत उष्णता कोंडते. तेव्हापासून ९ वॅटचा आहे, खोलीला पुरतो. वाटीचे स्क्रू हादऱ्याने ढिले होऊन किणकिण आवाज येतो, ते दर दोन महिन्यांनी आवळते.

भाऊ पुण्यात बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घेणार होता. वीज खरंच वाचते: साधा पंखा ७५ वॅटचा, हा ३० वॅटचा धरला, तर रोज १२ तासांना महिन्याला १६ युनिट कमी. पण अशा काही पंख्यांत दिवा पंख्याच्याच सर्किटवरून चालतो. तिथे वेगळी वायर ओढूनही उपयोग नाही, आणि जोडणी उघडून बदल केला तर वॉरंटीचा प्रश्न. दुकानात त्याला एवढंच विचारायला सांगितलं की दिव्याची फेज वेगळी बाहेर काढलेली आहे का. दोन दुकानांत ‘नाही’ म्हणाले, तिसऱ्यात मिळाला.

एक काम राहिलंय. आईच्या उशाशी टू-वे बटण हवं (एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता येणारं), म्हणजे दारापर्यंत न जाता दिवा लागेल. त्यासाठी भिंतीत खाच मारावी लागेल, म्हणून दिवाळीच्या रंगकामाआधी तेही करून घेणार आहे.