गाण्यासाठी पासवर्ड मागणारी खिडकी : एका दंडार मंडळाची फसवणूक

लिनक्स ही संगणकप्रणाली मोफत मिळते, तिच्यावर गाणी वाजवणारी सॉफ्टवेअरेही मोफत मिळतात आणि ती बसवण्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या दंडार (नाच-गाण्याचे लोकनाट्य) मंडळाकडून नेमक्या याच कामाच्या नावाखाली १४,६८० रुपये काढून घेण्यात आले. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल; पण त्यात मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत गावोगाव दंडार करून मिळालेली बिदागी होती आणि धान निघाल्यावर घरोघरी फिरून गोळा केलेली वर्गणी होती. मी मंडळाचा सचिव आहे, व्यवहार माझ्यासमोर झाला आणि तक्रारीची कागदपत्रे माझ्याकडे आहेत, म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

मंडळाकडे एक जुना लॅपटॉप आहे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चालण्यासारखे नव्हते, म्हणून नागपूरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुटीत त्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती बसवून दिली. त्याने एक पैसा घेतला नाही. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले आणि पेनड्राइव्हवरची गाणी त्यातल्या रिदमबॉक्स या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर नीट वाजू लागली. पुढे शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमांसाठी नव्या चाली बसवायच्या होत्या, त्यासाठी काही जुनी गाणी आणि नुसत्या वाद्यांचे तुकडे हवे होते. इथपर्यंत बिघडलेले काहीच नव्हते, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे फोनवरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता की, "तुमच्या यंत्रात मुळातच दोष आहे."

लिनक्सवर गाणी कशी उतरवायची, असे शोधल्यावर सर्वांत वर जे पान आले ते जाहिरातीचे होते. पान मराठीत होते, भाषा यंत्राने केल्यासारखी कृत्रिम होती, पण मराठी होती, आणि गावात तेवढ्यानेच निम्मा विश्वास बसतो. त्यावर लिहिले होते की लिनक्समध्ये व्हायरस येत नाही, त्यामुळे निर्धास्त राहा, खालची एक ओळ टर्मिनलमध्ये (यंत्राला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) चिकटवा आणि हवी तेवढी गाणी उतरवा. ती ओळ 'सुडो' या शब्दाने सुरू होत होती, मध्ये 'कर्ल' होते आणि शेवटी 'बॅश'. या तिघांचा मिळून अर्थ असा होतो की, समोरच्या अनोळखी ठिकाणावरून एक आज्ञावली आणा, ती कोणी वाचण्याआधीच चालवा आणि चालवताना तिला यंत्राच्या मालकाचे सर्व अधिकार द्या. पासवर्ड विचारला गेला, तो दिला गेला, पडद्यावर बऱ्याच ओळी सरकल्या आणि गाणी शोधण्याची एक रंगीत खिडकी उघडली. तिच्यातून दोन-तीन गाणी खरोखर उतरलीसुद्धा. आमिष अगदीच पोकळ नव्हते.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मात्र एकही गाणे वाजेना, पूर्वीची पेनड्राइव्हवरचीही नाहीत. त्याऐवजी पडद्याच्या मधोमध लाल पट्टीची खिडकी आली : 'एमपीथ्री परवाना अपूर्ण आहे, सेवा केंद्राशी संपर्क साधा', आणि खाली भ्रमणध्वनी क्रमांक. त्या क्रमांकावरचा माणूस अत्यंत अदबीने बोलत होता. त्याने सांगितले की एमपीथ्री हे पेटंट असलेले तंत्र आहे, विंडोजच्या किमतीत त्याचे शुल्क धरलेले असते, लिनक्स फुकट असल्यामुळे ते शुल्क वापरणाऱ्याने वेगळे भरावे लागते. एक हजार रुपये शुल्क आणि १८ टक्के जीएसटी, असे ११८० रुपये झाले आणि ते यूपीआयने भरले गेले. व्हॉट्सॲपवर पावतीही आली.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण त्या माणसाचे कसब खोटे बोलण्यात नव्हते, अर्धे खरे बोलण्यात होते. एमपीथ्रीवर पेटंटे होती हे खरे आहे, आणि त्या कारणाने लिनक्सच्या अनेक वितरणांत (निरनिराळ्या गटांनी तयार केलेल्या आवृत्त्यांत) एमपीथ्री वाजवण्याची सोय पूर्वी सुरुवातीपासून दिलेली नसे, वापरणाऱ्याला ती वेगळी बसवावी लागे, हेही खरे आहे. पण त्या पेटंटांचा परवाना-कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजीच बंद झाला. शिवाय ते शुल्क चालू होते तेव्हाही अशी वसुली घरच्या श्रोत्याला फोन करून होत नसे. जीएसटीचेही तसेच. सॉफ्टवेअरवर १८ टक्के कर लागतो, म्हणून आकडा ओळखीचा वाटला. पण त्या पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि तो शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. आमच्याकडे खताच्या दुकानातल्या पावतीवरसुद्धा तो असतो.

लिनक्ससाठी पैसे मागणे हेच मुळात बेकायदेशीर आहे, असा समजही बरोबर नाही. लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली दिला जातो, तो प्रती विकण्यास किंवा सेवेचे पैसे घेण्यास मनाई करत नाही. तालुक्याच्या ठिकाणी कोणी लॅपटॉपवर लिनक्स बसवून देऊन मेहनतीचे चारशे-पाचशे रुपये घेतले, तर ती रास्त मजुरी आहे. त्यामुळे पैसे मागितले एवढ्यावरून लबाडी ओळखता येत नाही. ती ओळखायची तर पैसे कशाच्या नावाने मागितले आणि त्यासोबत आणखी काय मागितले, हे पाहावे लागते.

आमच्याकडे आणखी जे मागितले गेले ते असे. शुल्क भरल्यावर परवाना 'चालू करण्यासाठी' त्याने दुरून यंत्र हाताळण्याचे एक सॉफ्टवेअर बसवायला लावले आणि त्यातला अंक विचारून घेतला. त्यानंतर पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. त्याने बँकेच्या पानासारखे दिसणारे एक पान उघडले आणि त्यावर दाखवले की चुकून त्यांच्याकडून मंडळाला १३,५०० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, तो आधी स्वीकारावा लागेल, त्याशिवाय परवान्याची नोंद पूर्ण होणार नाही. मग एक क्यूआर कोड आला. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्या फोनवर मंडळाचे खाते जोडलेले आहे. कोड स्कॅन झाला, पिन टाकला गेला. शेजारी बसलेल्या ढोलकीवाल्याने विचारले, "काका, पैसे आले का गा?" काकांनी चष्मा वर करून संदेश वाचला आणि म्हणाले, "आले नाही बाप्पा, गेले नं."

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा स्वतःची शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे येण्यासाठी तो कधीही लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की रक्कम स्कॅन करणाऱ्याच्या खात्यातून जाते. बँकेच्या फलकावर हे लिहिलेले असते आणि काकांनी ते वाचलेलेही होते; परंतु फोनवरचा माणूस सतत बोलत राहून विचार करायला उसंत देत नव्हता, आणि समोरच्या पडद्यावर 'जमा' हा शब्द हिरव्या अक्षरांत दिसत होता. दुरून यंत्र हाताळण्याचा उपयोग त्याने एवढ्यासाठीच केला.

लॅपटॉपचे इंटरनेट ताबडतोब तोडले आणि त्याच संध्याकाळी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यांनी व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता विचारला. हे सर्व फोनमधल्या व्यवहाराच्या नोंदीत मिळते, म्हणून ती नोंद पुसू नये. नंतर शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली आणि पोलीस ठाण्यातही प्रत दिली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा तत्सम माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाकडेच राहते, मात्र कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. उशीर का करू नये, ते यावरून समजावे. आमच्या रकमेपैकी काही भाग पुढच्या एका खात्यात गोठवला गेल्याचे कळले आहे. तो अद्याप हाती आलेला नाही.

भाचा आठवड्याच्या शेवटी आला आणि त्याने यंत्र तपासले. सॉफ्टवेअर बसवल्या-काढल्याची नोंद लिनक्स स्वतः ठेवते. तिच्यात स्पष्ट दिसले की त्या एका ओळीने जीस्ट्रीमर या वादनयंत्रणेची काही पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे बांधीव भाग) काढून टाकली होती. म्हणजे गाणी बंद पडली नव्हती, बंद पाडली होती, आणि मग ती सुरू करून देण्याचे पैसे घेतले होते. सॉफ्टवेअर सोर्सेसच्या यादीत एक अनोळखी स्रोत घातलेला होता, ज्यातून पुढेही अद्ययावत करण्याच्या नावाखाली काहीही यंत्रात शिरू शकले असते. लाल पट्टीची खिडकी यंत्र सुरू होताच उघडणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीत होती. ती तेवढी काढून टाकावी, असे मी सुचवले. भाचा म्हणाला, "मामा, ज्याला घराची किल्ली दिली त्याने आत काय काय ठेवलं हे एक कपाट उघडून कळत नाही." त्याने फक्त गाणी आणि मंडळाच्या हिशेबाची कागदपत्रे वेगळी काढली, सगळी डिस्क पुसून लिनक्स नव्याने बसवले, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले प्रत्येक पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायला लावले.

या सर्व प्रकाराच्या मुळाशी जे आहे ते नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. गाणे उतरवणे आणि सॉफ्टवेअर बसवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. गाणे ही नुसती फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी एमपीथ्री, ओजीजी किंवा फ्लॅक असे काही असते, ती आपल्या संगीताच्या फोल्डरमध्ये पडते आणि तिला यंत्राचा पासवर्ड कधीच लागत नाही. सॉफ्टवेअर बसवताना तो लागतो, कारण ते यंत्राच्या मुख्य भागात बदल करते. 'गाणे' म्हणून आलेली वस्तू पासवर्ड मागत असेल, 'चालवण्याची परवानगी द्या' म्हणत असेल, किंवा तिचे नाव डेब, एसएच वा ईएक्सई असे संपत असेल, तर ते गाणे नाही. आमच्या प्रकरणात या दोन क्रिया एकाच बटणात गुंडाळल्या होत्या आणि सगळी लबाडी त्या गुंडाळण्यात होती.

सॉफ्टवेअर घ्यायचे ते मिंटमधल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावे, किंवा टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे सॉफ्टवेअरचे नाव लिहावे. गाणी-चित्रफिती वाजवणारे व्हीएलसी किंवा ध्वनिमुद्रणाचे ऑडॅसिटी असेच मिळतात. तिथली पॅकेजेस वितरणाच्या अधिकृत भांडारातून येतात आणि भांडाराची डिजिटल स्वाक्षरी जुळली तरच यंत्र ती विनातक्रार स्वीकारते. पासवर्ड इथेही विचारला जातो, पण तो आपण स्वतः निवडलेल्या, ओळखीच्या स्रोतासाठी असतो. एमपीथ्री वाजत नसेल तर मिंटच्या स्वागताच्या खिडकीत मल्टिमीडिया कोडेक (गाणी-चित्रफिती वाजवण्यासाठी लागणारे भाग) बसवण्याचे बटण आहे. ते दाबावे, शुल्क काही नाही. अधिकृत म्हणून डोळे मिटून घ्यावे असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या प्रतीचा दुवा बदलला होता आणि काही काळ लोकांना चोरवाट ठेवलेली प्रत मिळत होती. म्हणून मूळ प्रत उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) आणि स्वाक्षरी जुळवून पाहतात. भाच्याने या वेळी ते आमच्यासमोर करून दाखवले; पाच-दहा मिनिटांपलीकडे वेळ लागला नाही.

गाण्यांबाबत थोडेच सांगतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, गीत आणि चालीचे हक्क निराळे असतात, त्यामुळे 'सगळी गाणी फुकट' म्हणणारे पान कायद्याच्या दृष्टीनेही सरळ नसते. इंटरनेट आर्काइव्हवर आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने (निर्मात्याने स्वतःच अटींसह वापरण्याची मोकळीक देणाऱ्या) दिलेल्या संग्रहांत उतरवता येण्याजोगे पुष्कळ संगीत आहे, प्रत्येकाच्या परवान्याची अट तेवढी वाचून घ्यावी. वाद्यांचे तुकडे आम्ही शेवटी आमच्याच पेटीवाल्याकडून वाजवून घेतले आणि ऑडॅसिटीत मुद्रित केले.

काकांनी फोन केला होता तो क्रमांक आता लागत नाही. पण तशीच लाल पट्टी दाखवणारे पान दुसऱ्या नावाने पुन्हा जाहिरातीत आले असल्याचे शेजारच्या गावातल्या एका मुलाने दाखवले. त्याचेही छायाचित्र आणि पत्ता तक्रारीला जोडला आहे. त्या पानावर आता मिंटऐवजी उबुंटू लिहिले आहे, शुल्क ७९९ रुपये केले आहे, आणि चिकटवायची ओळ तीच आहे : आधी सुडो, मध्ये कर्ल, शेवटी बॅश.