पालिकेचा बचत गटांसाठीचा फिरता निधी (10 हजार): घ्यावा का? आमच्या गटाचा अनुभव

ज्यांना नुसतं रेटिंग पाहिजे त्यांच्यासाठी आधीच लिहिते. पैसे म्हणून बघाल तर 5 पैकी 2. बँकेत गटाची पत उभी राहते त्यासाठी 4. ऑफिसच्या कारभाराला दीड, आणि त्यातला एक पूर्ण तिथल्या समुदाय संघटक ताईंचा (वस्तीत गटांचं काम बघणाऱ्या), म्हणजे बाकी ऑफिसला अर्धाच समजा. शहराचं नाव लिहीत नाही कारण अजून आमची कामं तिथेच अडकलेली आहेत, आणि दुसऱ्या शहरांतल्या ओळखीच्या गटांकडून जे ऐकते त्यात फार फरकही नाही.

हा निधी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातला, म्हणजे 2013 ला सुरू झालेलं, नंतर ज्याच्यापुढे दीनदयाळ अंत्योदय योजना असं नाव लागलं आणि 2024 ला संपलं ते. त्याआधी 1997 पासूनची सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना होती, जुन्या बायका अजूनही सगळ्याला सुवर्णजयंतीच म्हणतात, ऑफिसात पण म्हणतात. गटात किमान 10 आणि जास्तीत जास्त 20 बायका, त्यातल्या 70 टक्के तरी शहरी गरीब असायला लागायच्या, गट पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब) पाळत असायला लागायचा आणि आधी हा निधी घेतलेला चालायचा नाही, मग गटाच्या खात्यात एकदाच 10,000 रुपये यायचे. परत करायचे नसायचे. असे 10 ते 20 गट मिळून वस्तीस्तर संघ झाला की त्या संघाला एकदाच 50,000 मिळायचे. बस, एवढंच. ज्यांना वाटतं पालिका बचत गटांना लाखो रुपये वाटते त्यांनी हे दोन आकडे परत वाचावेत.

आता आमचा गट 12 जणींचा, महिन्याला 200 रुपये बचत, म्हणजे 2,400 जमतात. हिशोब केला तर 10 हजार म्हणजे आमचीच साधारण चार महिन्यांची बचत झाली. डोक्यावर वाटले तर 833 रुपये. आणि खरं सांगू का, बऱ्याच गटांत ते डोक्यावर वाटलेच जातात! रजिस्टरला बाराही जणींच्या नावावर 833 चं कर्ज टाकायचं, पुढच्या दोन-तीन मिटिंगांत परतफेड दाखवायची, झालं. ऑफिसला माहिती नाही असं नाही. पण निधीला फिरता म्हणतात तो फिरण्यासाठी, तो गटाच्याच खात्यात राहून कर्ज म्हणून एकीकडून दुसरीकडे जायला पाहिजे. आमच्याकडे पण पहिल्या मिटिंगला दोघी-तिघींनी वाटून घेऊ म्हणून धरलं होतं, अध्यक्षा काकूंनी सरळ विचारलं की 833 मध्ये तू काय घेणार ते सांग, साडी की सिलेंडर, तेव्हा सगळ्या हसल्या आणि विषय संपला. मग पहिले 6 हजार आमच्यातल्या पोळीभाजीचे डबे देणाऱ्या ताईंना दिले, मोठा तवा आणि दोन बर्नरची शेगडी घ्यायला, बाकीचे एकीच्या मुलाच्या आयटीआयच्या फीला. 2 टक्के महिना व्याज. बाहेर चाळीत 5 आणि 10 टक्क्यांनी घेणाऱ्या बायका आहेत आमच्या ओळखीत, त्यामुळे 2 टक्के म्हणजे फुकटच, आणि ते व्याजही आपल्याच खात्यात पडतं.

कागदांचं काय ते सविस्तर सांगते कारण खरा त्रास तिथे आहे. अर्ज, गटाचा ठराव, सगळ्यांचे आधार आणि रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, कॅन्सल चेक, हमीपत्र, इतिवृत्ताच्या पानांच्या प्रती, आणि प्रत्येक पानावर अध्यक्ष-सचिव सह्या आणि गटाचा शिक्का. शिक्का नसला तर आधी शिक्का बनवा. झेरॉक्सचा खर्च कुठल्याच सरकारी खर्चाच्या यादीत (हेडमध्ये) नाही, तो सचिवाच्या पर्समधून. आमचं सगळं दिलं, आणि मग कित्येक आठवडे काहीच नाही, विचारायला गेलं की साहेब साइटवर, साहेब मिटिंगला, साहेब इलेक्शन ड्युटीला. शेवटी कळलं की पासबुकावर गटाच्या नावापुढे 'महिला बचत गट' आहे आणि अर्जावर 'महिला स्वयंसहायता बचत गट', त्यामुळे पैसे पाठवताना सिस्टिमने परत फिरवले. हे कोणी फोन करून सांगायला काय हरकत होती? आवक रजिस्टरला प्रत्येक अर्जासोबत माझा मोबाइल नंबर लिहिलेला आहे. नाव बदलायला बँकेत गेलो तर बँक म्हणे पालिकेचं पत्र आणा, पालिका म्हणे बँकेचं आणा.

इथे समुदाय संघटक ताई आल्या मध्ये. त्या कंत्राटी, त्यांचाच पगार वेळेवर होतो की नाही देव जाणे, पण त्यांनी स्वतः दुरुस्त अर्ज लिहून दिला, नावाचा ठराव आमच्याच इतिवृत्तात त्याच दिवशी घ्यायला लावला आणि बँकेत सोबत येऊन उभ्या राहिल्या. निधी यायच्या आधी त्यांनी आमची रजिस्टरं तपासली होती तेव्हाचं पण सांगते. माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून कर्ज खतावणीचं एकेक पान, बोट ठेवून ठेवून. आमच्या काकू परतफेड पेन्सिलने लिहायच्या, चुकलं तर खोडता येतं म्हणून. ताई म्हणाल्या, काकू पेन्सिलचा हिशोब बँक मानत नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, खोडायचं नाही. एवढी साधी गोष्ट पण आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती, ट्रेनिंगला गेलो होतो तिथे पण दिवसभर भाषणं आणि शेवटी वडापाव. तेव्हापासून आमची किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, निळ्या पेनाने आहे आणि शिल्लक जुळल्याशिवाय मिटिंग उठत नाही.

आणि ह्याचाच पुढे खरा फायदा झाला, म्हणून वर 4 दिलेत. बँकवाले गटाला कर्ज देताना आधी गटाचं ग्रेडिंग करतात, बैठका नियमित आहेत का, अंतर्गत कर्ज फिरतंय का, परतफेड कशी आहे. पालिकेचा निधी मिळालाय म्हणजे कोणीतरी ही वही एकदा तपासलीय, एवढं मॅनेजरला कळतं, मग तो तुम्हाला खुर्ची तरी देतो. आम्हाला दीड लाख मिळाले. गटाच्या स्वतःच्या निधीच्या चौपटीपर्यंत मिळू शकतं असं म्हणतात, आम्हाला तेवढं कोणी दिलं नाही पण आम्ही मागितलंही नव्हतं. ह्या अभियानात बँकेचं जे व्याज असेल त्यातला 7 टक्क्यांच्या वरचा भाग सरकार भरायचं, आणि महिला गटाने हप्ते वेळेवर भरले तर आणखी 3 टक्के सूट असायची, म्हणजे हातात पडायचं 4 टक्क्यांनी. फक्त एक लक्षात ठेवा, बँक आधी पूर्ण व्याज कापायची आणि फरक मागाहून जमा व्हायचा, आमचा बराच उशिरा झाला, त्यामुळे पहिल्या हप्त्याला 4 टक्के धरून बजेट लावणारे तोंडावर पडायचे. तरीही 2 टक्के महिनावाल्या आमच्या स्वतःच्या कर्जापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आता निधी कोणाला मिळतो हा प्रश्न, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. पालिका गरज बघून वाटत नाही हो, उद्दिष्ट बघून वाटते. वरून शहराला आकडा येतो की ह्या वर्षी इतके गट, इतका फिरता निधी, तो आकडा वॉर्डांत वाटला जातो आणि मग प्रत्येक समुदाय संघटकाच्या डोक्यावर. वर्षभर कोणी हलत नाही आणि मार्चमध्ये फोन सुरू, ताई आजच्या आज ठराव आणा, उद्या बिल लावायचंय. मग ज्या गटाची फाइल तयार आहे तो गट घेतला जातो. फाइल कोणाची तयार असते? ज्यांच्यात एक तरी शिकलेली, घरी बसणारी, झेरॉक्सला पैसे असणारी बाई आहे त्यांची. आमच्यात मी आहे म्हणून आमची होती. आमच्या मागच्या लाइनीत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायका आहेत, घरकाम करणाऱ्या, कोणाचं रेशनकार्ड गावाला, कोणाच्या आधारवर सासरचा पत्ता, घरमालक भाडेकरार करून देत नाही. त्यांचाही गट आहे, पैसे आमच्यापेक्षा नियमित भरतात, पण कागदावर त्या गरीब आहेत हे सिद्धच होत नाही! 70 टक्के गरीब ही अट कोणासाठी ठेवली होती आणि अडली कोणाला ते बघा.

दुसरं म्हणजे ओळख. 2022 पासून बहुतेक पालिकांत प्रशासक होते, नगरसेवक नव्हते, तरी माजी नगरसेवकाच्या बायकोने बनवलेल्या गटांच्या फाइली लवकर हलायच्या आणि आमच्या टेबलावर राहायच्या, हे मी डोळ्याने बघितलंय. पुरावा माझ्याकडे नाही. पण कोणत्या गटांना निधी दिला त्याची यादी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावायला काय जातं? तिथे डेंग्यूचं पोस्टर तीन वर्षं तेच आहे, भरपूर जागा आहे.

आणि हो, चौकात बोर्ड लागतो ना, अमुक तमुक साहेबांच्या प्रयत्नातून बचत गटांना निधी, त्यावर हसून घ्या. ह्या अभियानाचा पैसा 60 टक्के केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असायचा. पालिका फक्त राबवायची. पालिकेचं स्वतःचं म्हणाल तर बजेटमधला 5 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो, त्यातून शिलाई मशीन, घरघंटी, प्रशिक्षणं, प्रदर्शनं असं चालतं. पूर्वी वस्तू वाटायचे, आमच्या शेजारी अशी एक शिलाई मशीन आहे, तिच्यावर टीव्ही ठेवलाय. आता पैसे थेट खात्यात देण्यावर भर आहे, ते बरं आहे, निदान मशीन कुठल्या कंपनीची हे बाई ठरवते. दिवाळीच्या प्रदर्शनाचे स्टॉल चिठ्ठ्या टाकून देतात, तिथे मात्र मला तक्रार नाही, सगळ्यांसमोर चिठ्ठी काढली, आम्हाला टॉयलेटच्या बाजूचा आला, फराळ विकायला. नशीब आपलं. पण मोठ्या पैशाचं काम, शाळेची खिचडी वगैरे, जे आधी गटांकडे असायचं, ते बऱ्याच शहरांत सेंट्रल किचनवाल्यांकडे गेलं, आणि त्यापुढे हे 10 हजार म्हणजे तोंडाला पानं पुसल्यासारखंच.

केरळचं उदाहरण ट्रेनिंगला सारखं देतात, कुटुंबश्री, 1998 पासूनची. ऐकायला छान वाटतं पण तिथे शेजारगटांच्या वर वॉर्डाची आणि त्यावर शहराची अशी बायकांची निवडून आलेली रचना आहे आणि तिचं पालिकेच्या कारभाराशी रोजचं नातं आहे. आमच्या वस्तीस्तर संघाला पालिकेत बसायला खोली सुद्धा नाही, मिटिंग मारुतीच्या देवळात होते आणि आरतीची वेळ झाली की उठावं लागतं. संघाचे 50 हजार आले तेव्हा त्यातून काय करायचं ह्यावर भांडण झालं, ते अजून चालू आहे, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

ज्यांना आता अर्ज करायचाय त्यांनी एक गोष्ट आधी बघा. हे अभियान 30 सप्टेंबर 2024 ला संपलं. त्याच्या जागी दीनदयाळ जन आजीविका योजना (शहरी) आली पण ती आधी निवडक शहरांत पायलट म्हणून, त्यामुळे तुमच्या शहरात सध्या कुठल्या योजनेच्या पैशातून आणि काय मिळतंय ते ऑफिसात जाऊन विचारा, जुन्या पत्रकावर विसंबून गट काढू नका. तोंडी उत्तरावर जाऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही पाहिजे, नुसती सही असेल तर ती कोणाची हे नंतर कोणी सांगत नाही. गटाचं नाव खातं उघडताना, अर्जावर, शिक्क्यावर, ठरावात अक्षर अन् अक्षर एकच ठेवा. खात्यात सहा महिने व्यवहार नाही असं होऊ देऊ नका, 200 रुपये का होईना भरा-काढा. निधी आला की वाटून घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी. बँकेत एकटी जाऊ नका, तिघी जा, मॅनेजर तिघींना बाहेर थांबायला सांगत नाही. आणि कॅन्सल चेक एक मागितला तरी दोन द्या, एक टेबलावरून हरवतोच.