छापलंय ७१३४, निघतं ७१३०

लग्नाच्या नि मुंजीच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकात उतरवायला जुनं पीसीआय कॅप्चर कार्ड (संगणकाच्या आतल्या पीसीआय खाचेत बसून बाहेरचं चित्र पकडणारं) घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला गंडवणं सोपं जातं. कारण मागच्या पत्र्यावर सगळ्यांचंच तोंड सारखं दिसतं: पिवळी आरसीए पिन, एस-व्हिडिओचं गोल भोक, एखादा ऑडिओ जॅक. फरक असतो तो आतल्या चिपमध्ये, आणि चिपचा फोटो जाहिरातीत दुसऱ्याच कार्डाचा टाकलेला असतो.

नेहमीचा प्रकार असा. जाहिरातीत फिलिप्सची एसएए७१३४ लिहिलेली असते, हातात पडते एसएए७१३०. दोन्ही चिपा चित्र जवळपास सारखंच देतात, म्हणून दुकानात पाच मिनिटं चालवून बघितलं तरी काही कळत नाही. पण ७१३० आवाज पीसीआयमधून संगणकाला देऊच शकत नाही. मग कार्डातून एक वायर साउंड कार्डाच्या लाइन-इनला जोडावी लागते. इथे चित्राचा वेग ठरवणारं आतलं घड्याळ वेगळं आणि आवाजाचं वेगळं. दोन घड्याळांत दहा लाखांत फक्त १०० इतका फरक असला तरी तासाभरात ०.३६ सेकंद होतात. तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं यांत सेकंदाहून जास्त अंतर पडतं. ७१३४ घेतली असती तर हा घोळ टळला असता, आणि पैसे तिचेच मोजलेले असतात.

चिपवरची छाप हा पुरावा मानू नका. वरचा थर घासून नवा नंबर छापता येतो. ॲसिटोनचा बोळा फिरवून शाई निघते का बघणारे बघतात, पण काही अस्सल चिपांवरही शाईचीच छपाई असते, तेव्हा त्यावरून निकाल देऊ नये. खात्रीचा पुरावा म्हणजे पीसीआय आयडी, चिप संगणकाला देते तो ओळख क्रमांक. तो चिपच्या आतच पक्का असतो आणि ड्रायव्हर न टाकताही दिसतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळ्या चिन्हाच्या ‘मल्टिमीडिया कंट्रोलर’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. व्हेंडर (चिप बनवणारी कंपनी) ११३१ म्हणजे फिलिप्स. पुढे डिव्हाइस ७१३४ आहे की ७१३०, ते सरळ लिहिलेलं असतं. ब्रुकट्री कंपनीची बीटी८७८ ही दुसरी नेहमीची चिप असेल तर व्हेंडर १०९ई आणि दोन नोंदी दिसायला हव्यात: ०३६ई चित्राची, ०८७८ आवाजाची. एकच नोंद आणि तीही ०३५० असेल, तर ती त्याआधीची बीटी८४८ आहे. त्याच यादीतल्या सबसिस्टिम आयडीवर, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकावर, मात्र विसंबू नका. तो कार्डावरच्या ईईप्रॉम नावाच्या छोट्या मेमरी चिपमधून येतो आणि बदलता येतो.

दुकानात बघायची सोय असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह न्या. टर्मिनलमध्ये ‘lspci -nn’ ही आज्ञा दिली की हेच आकडे मिळतात. ज्या दुकानदाराला हे करू द्यायचं नसतं, त्याचं कार्ड काउंटरवरच ठेवून यावं.

‘हार्डवेअर एमपेग एन्कोडर’ (चित्र कार्डावरच दाबून छोटी फाइल करणारा) अशी बढाई असेल तर एन्कोडरची वेगळी चिप आणि तिच्या शेजारी मेमरीची चिप शोधा. कोनेक्संटच्या सीएक्स२३४१६ चा आयडी ४४४४:००१६ असा येतो. नुसत्या ८७८ किंवा ७१३x च्या कार्डावर एन्कोडर नसतोच. सगळं काम तुमचा प्रोसेसर करतो.

एस-व्हिडिओचं भोक पुष्कळदा शोभेचं असतं. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी येतात, पण इथे आत त्या एकत्र करून कंपोझिटला, म्हणजे पिवळ्या पिनेच्या एकाच तारेला, जोडलेल्या असतात. हाय-८ कॅमेरा किंवा एस-व्हीएचएस डेक एस-व्हिडिओने जोडा, पिवळी पिन काढून ठेवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ‘कंपोझिट’ निवडा. चित्र आलं नाही किंवा काळं-पांढरं आलं तर ठीक. रंगीत आलं तर आत जोडाजोडी आहे. लाल कपड्याच्या कडेने बारीक ठिपके रांगताना दिसले, तर तीही तीच खूण.

१०८०पी हा शब्द दिसला की पान बंद करा. आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची: ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं). ही कार्डं साधारण ७२०×५७६ देतात, रेषा ५७६ हून जास्त कधीच नाहीत. पुढचं सगळं ताणून मोठं केलेलं. त्याहून वाईट म्हणजे ३५२×२८८ पकडून ‘फुल स्क्रीन’ दाखवणं, कारण त्यात अर्धी फील्ड फेकून दिलेली असतात. तपासायचं तर हलणाऱ्या हाताचं दहा सेकंद कॅप्चर करून एक फ्रेम थांबवा. कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसायला हव्यात. विक्रेता म्हणतो, ‘आमच्या कार्डात त्या रेषा येत नाहीत.’ येत नाहीत, कारण माहितीच गेलेली असते. कॉम्प्रेस न केलेलं ७२०×५७६ चं कॅप्चर सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, तासाला जवळपास ७५ जीबी होतं. तेवढी जागा आधी मोकळी ठेवा, नाहीतर फ्रेम गळतात आणि दोष विनाकारण कार्डाला जातो. झिजलेल्या कॅसेटवर चांगलं कार्डही फ्रेम गाळतं. त्यालाही फसवणूक म्हणू नये.

बरोबर आलेल्या छोट्या सीडीवर ३२-बिट ड्रायव्हर असतो आणि ६४-बिट विंडोज तो घेत नाही. फोन केला की सांगतात, ‘सिग्नेचर तपासणी बंद करा, अँटिव्हायरस काढा, स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाका, आम्ही बसवून देतो.’ इथेच थांबा. कार्डाचे पैसे गेलेलेच असतात, आता डोळा बँकेच्या खात्यावर असतो. परवानगी देऊन बसला असाल तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

ऑनलाइन मागवलेलं असेल तर सीलबंद खोक्यावरच्या लेबलपासून चिपच्या जवळच्या दृश्यापर्यंत एकसलग, न तोडलेला व्हिडिओ घ्या. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, ते पान नंतर बदलतं. तक्रारीत ‘कार्ड चालत नाही’ असं लिहू नका. ‘तुमचा ड्रायव्हर चुकला’ हे उत्तर तयारच असतं. लिहा: ‘वर्णनात एसएए७१३४, प्रत्यक्षात हार्डवेअर आयडी ११३१:७१३०, फोटो सोबत.’ २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरी टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. कार्ड परत पाठवताना त्यावरचे सगळे नंबर दिसतील असा फोटो काढा, नाहीतर ‘दुसरंच कार्ड पाठवलंत’ हा आरोप उलटा तुमच्यावर येतो.